माज सरल्यानंतरची शिकार नशिबावर सोडू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीवर लेख आला होता. नोव्हेंबरातल्या माजाचे (म्हणजे समागमाच्या हंगामाचे) वर्णन त्यात नेमके होते. पुढे मात्र लेखकाने लिहिले की माज सरल्यावर वयस्क नर मिळणे हा नशिबाचा भाग. तरीही प्रयत्न करायचाच असेल तर शेताच्या कडेला रोज मचाणावर बसावे, थोडा मका विखरून ठेवावा, कधी ना कधी तो येतोच. या सल्ल्यातले नशीब, रोजची बैठक आणि विखुरलेला मका या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. तिसरी तर काही राज्यांत गुन्हा ठरते. तिकडे परवाना काढून शिकार करणाऱ्या मराठी वाचकांचा अख्खा डिसेंबर अशा सल्ल्याने वाया जाऊ नये म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मोसम माजाबरोबर संपत नाही. मिझुरीत धनुष्यबाणाचा मोसम १५ जानेवारीपर्यंत चालतो, इलिनॉयमध्ये जानेवारीच्या मध्यापर्यंत, ओहायोत फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. आयोवात ठासणीच्या बंदुकीचा शेवटचा मोसम १० जानेवारीला संपतो. म्हणजे सहा ते दहा आठवडे हातात असतात. या आठवड्यांत वयस्क नर (साडेचार वर्षांचा किंवा त्याहून मोठा, पाडसे मे-जूनमध्ये जन्मतात म्हणून हिवाळ्यात वय नेहमी ‘साडे’मध्ये मोजतात) वर्षातल्या इतर कुठल्याही काळापेक्षा जास्त ठरावीक वागतो. माजात तो माद्यांमागे कुठेही भटकतो, एका रात्रीत मैलोन् मैल जातो, आणि आज दिसला तिथे उद्या दिसेलच याची खात्री नसते. माजात तो धड खात नाही आणि वजनाचा पाचवा-चौथा हिस्सा गमावून बसतो. डिसेंबर उजाडतो तेव्हा अंगावर चरबी उरलेली नसते आणि समोर अख्खा हिवाळा असतो. मग त्याचे जग दोन ठिकाणांपुरते आकसते: जिथे बसतो ती जागा आणि जिथे चरतो ती जागा. ही दोन्ही सापडली की तो कुठून कुठे जाणार हे जवळपास ठरते. प्रश्न उरतो तो उजेडात जाईल का, एवढाच. आणि त्याचे उत्तर बरेचसे शिकाऱ्याच्या वागण्यावर असते. बंदुकीच्या मोसमातली वर्दळ त्याने नुकतीच पचवलेली असते. आता आणखी एकदा माणसाचा वास लागला की शेत तो सोडत नाही, उजेड सोडतो. म्हणून महिनाभरात उत्तम जागी तीन-चार दुपारीच बसायचे. त्या तीन-चार दुपारी कोणत्या आणि तिथे जायचे-यायचे कसे, याचे उत्तर कळले की बाकीचे सोपे होते.

आधी चाऱ्याचे पाहू. ‘शेताची कड’ म्हणून काम भागत नाही, कोणते शेत हे हवामान ठरवते. हरीण रवंथ करणारा प्राणी आहे. त्याच्या पोटातले जिवाणू खाण्याप्रमाणे बदलायला दोन-तीन आठवडे घेतात, त्यामुळे हिवाळ्यात ते जे खात आले आहे त्याच्याच मागे राहते. पारा गोठणबिंदूच्या वर आहे आणि जमीन उघडी आहे तोवर हिवाळी गहू, राय आणि क्लोव्हर यांची हिरवी पाती चालतात. कापणी झालेल्या मक्याच्या धसकटांत सांडलेले दाणेही तोवर हाताशी असतात. पण फूटभर बर्फ पडला, किंवा चार इंच पडून वर पाऊस होऊन त्याचा कडक पापुद्रा धरला, की धसकटांचे शेत संपले. हरीण खुराने भुसभुशीत बर्फ उकरते, पापुद्रा सहसा फोडत बसत नाही. अशा वेळी उभे पीक राजा असते. कापणी न केलेले सोयाबीन शेंगांसकट बर्फाच्या वर उभे राहते, त्यात तेल आणि प्रथिने दोन्ही असतात. उभ्या मक्याची कणसेही तोंडाच्या उंचीवर असतात. ज्या परिसरात सगळीकडे कापणी झाली आहे आणि दोन एकर सोयाबीन उभे आहे, तिथे मैलभरातली हरणे गोळा होतात. सलगम आणि मुळ्याचा पाला अनेकदा ऑक्टोबरात अस्पर्श राहतो. कडक हिंव पडले की त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि त्याच पाल्यावर झुंबड उडते. म्हणून ऑक्टोबरात मोकळे दिसलेले सलगमचे शेत यादीतून काढू नये.

डोंगराळ जंगलात शेत नसते तिथे ओकची फळे. इथे बारीक भेद आहे आणि बरेच जण तो विसरतात. पांढऱ्या ओकची फळे गोड, ती हरणे आधी संपवतात, आणि उरलेली पडल्यावर शरदातच कोंब धरून वाया जातात. तांबड्या ओकची फळे टॅनिनमुळे तुरट, पण ती वसंतापर्यंत रुजत नाहीत, म्हणून डिसेंबरातही पाचोळ्याखाली शाबूत असतात. पाचोळा जागोजागी उलटापालटा झालेला, खाली ओली काळी माती आणि आसपास ताज्या लेंड्या दिसल्या तर तिथे चराई चालू आहे. बर्फ खोल झाला की हरणे झुडपांच्या कोवळ्या काड्यांवर येतात, आणि दोन-तीन वर्षांपूर्वी झाडतोड झालेली जागा, जिथे मेपलचे नवे फुटवे कमरेइतके आले आहेत, ती सर्वांत मोलाची ठरते. काडीचे टोक पाहा. सशाने खाल्लेली काडी चाकूने तिरकी कापल्यासारखी दिसते. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे त्याने तोडलेली काडी फाटकी, चिरलेली असते. त्या चिरा पांढऱ्या आणि ओलसर असतील तर एक-दोन दिवसांतले काम, तपकिरी पडल्या असतील तर जुने.

बसायची जागा चाऱ्यापासून फार लांब नसते. थंडीत चालणे म्हणजे उष्णता खर्च करणे, आणि म्हातारा नर तेवढा खर्च उगाच करत नाही. दक्षिणेकडे तोंड असलेला उतार, जिथे दुपारचे ऊन मिळते आणि उत्तर-वायव्येचा वारा डोंगर अडवतो, ही पहिली शोधायची जागा. टेकडीच्या सोंडेवर, माथ्यापासून खाली एक-तृतीयांश उंचीवर, वारा पाठीमागून माथ्यावरून येईल आणि समोरचा उतार डोळ्यांना दिसेल, अशी बैठक त्याला आवडते: मागचे नाकाने कळते, पुढचे डोळ्यांनी. सपाट मुलखात सीडर-पाइनची दाट राई किंवा स्विचग्रास या उंच गवताची पडीक जमीन हे काम करते, आणि सार्वजनिक जमिनीवर कॅटेलची, म्हणजे पाणकणसाची, दलदल. बर्फात बैठक ओळखणे सोपे. माद्या-पाडसांच्या बैठका पाच-सात एकत्र असतात, लहान-मोठ्या. वयस्क नराची बैठक बहुधा एकटी, चार फुटांच्या आसपास लांब, आणि जवळच्या मनगटाएवढ्या जाड खोडांवर शिंगांनी साल सोललेली दिसते. एकट्या खुराच्या मापावरून मात्र नर ठरवू नये. उन्हाने वितळलेल्या बर्फात कोणताही ठसा पसरून मोठा दिसतो.

हे सारे पाहण्यासाठी बैठकीच्या जागेत पाऊल टाकायचे नाही. हंगामात ती जागा फक्त दुरून पाहायची. त्याला उठवून पाहिले की तुमच्या हातात माहिती राहते आणि नर निघून जातो. दोन-तीन संध्याकाळी अर्ध्या मैलावरच्या रस्त्यावर गाडीत बसून १०×४२ ची दुर्बीण शेतावर लावली तर तो कोणत्या कोपऱ्यातून आणि किती वाजता निघतो हे कळते. माझ्या मते हिवाळ्यातली ही सर्वांत फायद्याची बैठक. जोडीला शेताच्या कडेला हालचाल होताच आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, पण तेही राज्याचा नियम पाहून. ॲरिझोनाने शिकारीसाठी त्यांच्या वापरावर बंदी घातली आहे, कॅन्ससने सार्वजनिक जमिनीवर. अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात, म्हणून लिथियमचे वापरावेत. कॅमेऱ्याचे कार्ड आणायला जायचे तर भर दुपारी, वाऱ्याच्या किंवा भुरभुर बर्फाच्या दिवशी, जेणेकरून वास झाकला जाईल. तीन आठवड्यांपूर्वीचा फोटो कितीही देखणा असला तरी त्यावर योजना आखू नये. गेल्या चार-पाच दिवसांतले फोटो, तेही दिवस मावळायच्या आसपासचे, एवढेच धरावेत.

आता कोणती दुपार. थंडीची लाट येते तो दिवस आणि तिच्यानंतरचे एक-दोन दिवस. आकड्यात सांगायचे तर आदल्या दिवसापेक्षा पारा १५-२० अंश फॅरनहाइटने (८ ते ११ सेल्सिअस) उतरला, वारा वायव्येला फिरला आणि आकाश निवळले की जागा काढावी. बर्फाचे वादळ यायच्या आधीची दुपार तितकीच चांगली, कारण हरणे पोट भरून घेतात. वादळ थांबल्यानंतरची पहिली शांत दुपार त्याहूनही चांगली. उलट आठवडाभर ४५-५० अंश फॅरनहाइट (७ ते १० सेल्सिअस) राहिले तर दाट हिवाळी केसांतल्या हरणाला उकडते. ते अंधार पडेपर्यंत उठत नाही, मग आपणही घरी राहावे. अनेक शिकारी हवेच्या दाबमापकाचा काटा ३० इंचांच्या वर गेला की निघतात. पारा आणि वारा पाहिल्यावर त्या काट्याने निर्णय बदलावा असे मला वाटत नाही, कारण थंड लाटेमागे दाब चढतोच.

सकाळी बसू नये, हा नियम इतरांना कडक वाटतो, मी तो कडकच ठेवीन. रात्रभर हरणे शेतात असतात. पहाटे अंधारात तुम्ही शेताकडे चालत आलात की ती तुमच्यासमोर उधळणार, आणि त्यात तो असला तर महिन्याची मेहनत पाच मिनिटांत संपते. सकाळी बसायचेच तर शेतापासून दूर, बैठकीच्या मागच्या बाजूने पोचता आले तरच. त्याला सहसा खाजगी जमिनीचा चांगला नकाशा आणि बरेच धैर्य लागते. दुपारी मात्र एक-दीड वाजता जागेवर पोचावे. कडाक्याच्या थंडीत हरणे दिवसाच्या सर्वांत उबदार वेळी, तीनच्या सुमारासच उठून चरायला लागतात. आयोवाची राजधानी डी मॉइनच्या आसपास डिसेंबरअखेर सूर्य पावणेपाचला मावळतो. कायद्याने नेम धरण्याची मुभा बहुतेक राज्यांत मावळतीनंतर अर्धा तास, म्हणजे तिथे सव्वापाचपर्यंत. तीनला पोचणारा माणूस उठून निघालेल्या हरणांच्या मधून चालत जातो.

एक अपवाद सांगायला हवा. नोव्हेंबरात न गाभण राहिलेल्या माद्या साधारण २८ दिवसांनी पुन्हा माजावर येतात, आणि त्या वर्षीच्या धष्टपुष्ट मादी-पाडसांपैकी काही डिसेंबरात पहिल्यांदा. त्यामुळे १० डिसेंबरच्या आगेमागे एखाद्या शेतावर नर भर उजेडात पाडसामागे धावताना दिसू शकतो. त्यासाठी वेगळी योजना नको. चाऱ्यावर माद्या येतात, तिथेच तो येईल.

जाण्या-येण्याच्या वाटेवर मला सगळ्यात जास्त लिहायचे आहे, कारण डिसेंबरातल्या शिकारी बहुतांशी तिथे बिघडतात. पाने झडलेली असतात, जंगल आरपार दिसते, गोठलेला पाचोळा पापडासारखा वाजतो. जायची वाट ओढ्याच्या पात्रातून, बांधाच्या मागून किंवा उभ्या मक्याच्या आडून असावी, आणि बैठकीच्या जागेवरून ती दिसता कामा नये. सप्टेंबरातच त्या वाटेवरचा पाचोळा दाताळ्याने ओढून ठेवावा, आडव्या फांद्या छाटाव्यात. वाऱ्याचा विचार दोनदा करावा लागतो. हवामानखात्याचा वारा वेगळा आणि उतारावरची हवा वेगळी. दुपारी ऊन असताना हवा उतारावरून वर चढते. ऊन कलले, सावली पडली, की तीच हवा थंड होऊन पाण्यासारखी खाली ओघळते आणि ओढ्याच्या खोलगटात साचते. दोन वाजता निर्धोक असलेली जागा चार वाजता आपला वास नेमका हरणांच्या वाटेवर ओतते. हे पाहण्याचे उत्तम साधन म्हणजे मिल्कवीडच्या बोंडातला कापूस, आपल्या रुईच्या बोंडातून उडणाऱ्या म्हातारीचाच भाऊबंद. चिमूटभर सोडून द्यावा आणि दुर्बिणीतून शंभर यार्डांपर्यंत त्याच्या मागे नजर ठेवावी. भुकटीची बाटली पाच-सहा फुटांपर्यंतचेच सांगते. म्हातारी तरंगत जाऊन मध्येच खाली बुडी मारते ती जागा लक्षात ठेवा. तिथे तुमचा वास पडतो.

माझ्या मते सर्वांत सरस जागा ती, जिथे वारा नराला जवळजवळ बरोबर वाटतो. म्हणजे शेताकडे येताना त्याच्या नाकात वारा येतो, पण तुमचा वास त्याच्या वाटेपासून वीस-तीस यार्ड बाजूने निघून जातो. वारा पूर्णपणे आपल्या बाजूचा असेल अशी जागा पकडून बसले तर म्हातारा नर त्या वाटेने येतच नाही, कारण त्याला ती वाट सुरक्षित वाटत नाही.

तो एकटा येत नाही हेही ध्यानात ठेवावे. आधी पाडसे, मग माद्या, मग तरुण नर, आणि सर्वांत शेवटी, बहुधा अर्ध्या-पाऊण तासाने, तो. तोवर पंधरा-वीस नाके आणि तीस-चाळीस डोळे तुमच्याभोवती असतात. त्यातली एक लांब तोंडाची म्हातारी मादी मचाणाकडे मान वर करून पाहते, पुढचा पाय आपटते, मान खाली घातल्यासारखी करते आणि झटक्यात पुन्हा वर करते. तिच्या या फसव्या हालचालीला बळी पडून माणूस हलतो. ती फुरफुरली की संध्याकाळ संपली. म्हणून मचाणामागे सीडरसारखे सदाहरित झाड किंवा पाने धरून राहिलेला ओक असावा, नाहीतर आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणूस ठळक दिसतो. जमिनीवरचे कापडी लपण वापरायचे तर तीन-चार आठवडे आधी मांडून, काटक्या-गवताने झाकून ठेवावे. आदल्या दिवशी उभारलेल्या लपणाला माद्या लांबूनच वळसा घालतात.

मग परतीचा प्रश्न. अंधार पडला, नर आला नाही, आणि शेतात वीस हरणे चरत आहेत. अशा वेळी खाली उतरलात तर त्या सगळ्यांना कळते की या झाडात माणूस असतो, आणि पुढची संध्याकाळ रिकामी जाते. सर्वांत चांगला उपाय: जमिनीच्या मालकाला किंवा सोबत्याला ठरल्या वेळी शेतात ट्रॅक्टर किंवा पिकअप घेऊन यायला सांगावे. हरणांना शेतावरच्या गाड्यांची सवय असते. ती झाडीत सरकतात, गाडी गेली की तासाभरात परत येतात, आणि तुम्ही गाडी झाडाखाली आल्यावरच उतरता. सोबती नसेल तर कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या आवाजाची हूल देऊन हरणे हलवतात, हा दुय्यम उपाय. तेही जमत नसेल तर हरणे स्वतःहून दूर जाईपर्यंत बसून राहावे, दोन तास लागले तरी. ज्या मचाणावरून परतीची वाट नाही ते कितीही चांगल्या जागी असले तरी तिथे बसूच नये.

थंडीत साधने वेगळी वागतात. कपड्यांपासून सुरुवात करतो. सगळे थर घालून चालत गेलात की घाम येतो, तो गोठतो, आणि तासाभरात कुडकुडायला होते. जाड कोट पिशवीत न्यावा, हळू चालावे, जागेवर पोचून दहा मिनिटांनी घालावा. मग तोच कोट अंगात असताना धनुष्य ओढून पाहावे, कारण फुगीर बाहीला दोरी घासली की बाण फुटभर बाजूला जातो. बाहीवर पट्टा बांधावा. तीन तास न हलता बसलेल्या थंड खांद्यांना ओढायला ७० पौंडांचा जोर लागणारे कंपाउंड, म्हणजे चाकांचे, धनुष्य ओढवत नाही. माणूस ते आकाशाकडे उचलून झटका देतो, आणि तेवढी हालचाल पुरे होते. निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत वरचा-खालचा दोन्ही बोल्ट सारखेच फेरे सैल करून ६० पौंडांवर आणावे. वेग कमी झाल्याने बाण खाली लागतो, म्हणून नेम पुन्हा लावून घ्यावा. बाण टेकतो त्या धातूवर फेल्टची पट्टी चिकटवावी, कारण शांत गोठलेल्या हवेत ‘टिक्’ एवढा आवाजही चाळीस यार्डांवर ऐकू जातो. मचाणाच्या पायऱ्यांवर दव गोठते. जमिनीवर पाय असल्यापासून ते परत जमिनीवर येईपर्यंत अंगात पूर्ण हार्नेस (झाडाला बांधून ठेवणारे पट्टे) आणि जीवरक्षक दोर, यात सवलत नाही.

ठासणीच्या बंदुकीत बिघाडाचे मूळ बहुधा ओल असते. भरलेली बंदूक रात्री उबदार घरात आणली की थंड नळीवर आतून पाणी धरते, दारूचा तळ ओला होतो, आणि दुसऱ्या दिवशी प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) फुटतो पण बार उडत नाही. प्रायमर काढून (वाहनात नेताना हे बहुतेक राज्यांत बंधनकारकच आहे) ती थंड, कुलूपबंद जागेतच ठेवावी, किंवा संध्याकाळी बार उडवून साफ करावी. दारू भरण्यापूर्वी नळीचे तोंड जमिनीजवळ धरून दोन नुसते प्रायमर उडवावेत. समोरचा भुसभुशीत बर्फ किंवा पाचोळा उडाला तर आतला मार्ग मोकळा आहे, नाही उडाला तर तेल अडकले आहे. बोल्टमधले घट्ट तेल पूर्ण पुसून काढावे, नाहीतर थंडीत ते गुळासारखे होऊन घोडा आळशी पडतो. नळीच्या तोंडावर विजेच्या कामाची चिकटपट्टी लावली की बर्फ आत जात नाही, आणि पुढे ढकलली जाणारी हवा ती उडवून लावत असल्याने गोळीच्या मार्गात फरक पडत नाही. दारू ठासायच्या गजावर रिकाम्या आणि भरलेल्या नळीच्या खुणा कोरून घ्याव्यात, दोनदा दारू भरण्याची घोडचूक त्याने टळते. नेम उन्हाळ्यात लावलेला असेल तर थंडीत पुन्हा तपासावा. सराव नसेल तर शंभर यार्डांपुढे जाऊ नये.

नर समोर आला की वय ओळखण्यात यावेळी फसगत होते. माजात सुजलेली मान ओसरलेली असते, पोट आत गेलेले असते, त्यामुळे पाच वर्षांचा नर कमरेपासून तीन वर्षांचा वाटतो. तेव्हा पोटाकडे न पाहता पाठ, छातीचा खालचा भाग आणि चेहरा पाहावा: किंचित झोळ पडलेली पाठ, मानेत मिसळणारी छाती, आखूड वाटणारे पाय, मागच्या गुडघ्यांच्या आतल्या बाजूचे काळे डाग. डिसेंबरअखेरपासून काहींची शिंगे गळू लागतात. मादीच्या परवान्यावर अंधुक उजेडात ‘मोठी मादी’ पाडली आणि जवळ गेल्यावर डोक्यावर शिंगे गळाल्याच्या दोन ताज्या, ओल्या खुणा दिसल्या, असे घडते. ज्या नराची वर्षानुवर्षे वाट पाहिली तोच हा असू शकतो. चौकोनी, जड डोके दिसले की दुर्बिणीतून कपाळ पाहिल्याशिवाय चापाला बोट लावू नये. सहा महिन्यांचा नर-पाडसही एकटा आला की मादीसारखाच भासतो.

नेम धरावा तो शरीर आडवे किंवा आपल्यापासून किंचित पलीकडे वळलेले असतानाच, खांद्याच्या मागे, खालून एक-तृतीयांश उंचीवर. धनुष्याला पंचवीस यार्डांच्या आत, कारण शांत हवेत दोरीच्या आवाजाने हरीण खाली वाकते. बर्फावरचे रक्त पसरून आहे त्यापेक्षा जास्त दिसते, त्यावर विसंबू नये, रंग पाहावा. फेसाळ, उजळ लाल म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबावे. गडद, काळसर म्हणजे यकृत, निदान चार तास. हिरवट कण किंवा आंबट वास म्हणजे पोट, आठ ते बारा तास. थंडीत मांस बिघडायची घाई नसते, पण रात्री बर्फ पडणार असेल तर माग पुसला जाईल. अशा वेळी घाईने पाठलाग करू नये. बाण लागला ती जागा, शेवटचे रक्त आणि पळण्याची दिशा यांना झाडावर चमकपट्ट्या बांधून ठेवाव्यात, आणि राज्यात परवानगी असेल तर माग काढणारा कुत्रा बोलवावा. पुढे मांस गोठू देऊ नये: ताठरपणा येऊन ओसरण्याआधी स्नायू एकदम गार झाले तर ते आखडतात आणि चिवट होतात. कातडे तसेच ठेवून ३४ ते ४० अंश फॅरनहाइटला (१ ते ४ सेल्सिअस) दोन-चार दिवस टांगणे बरे.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदूचा रोग कोलोरॅडोत १९६७ मध्ये पहिल्यांदा दिसला, विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये सापडला, आणि आता अनेक राज्यांत आहे. नर मारला की घशामागच्या लसिकाग्रंथींचा नमुना राज्याच्या वन्यजीव खात्याकडे द्यावा, निकाल येईपर्यंत मांस नाव-तारीख लिहून वेगळे गोठवून ठेवावे, आणि दोष निघाला तर खाऊ नये. मेंदू आणि पाठीचा कणा राज्याच्या सीमेपलीकडे नेण्यावर बऱ्याच ठिकाणी बंदी आहे, हाडे काढलेले मांस नेता येते.

राहिला विखुरलेल्या मक्याचा सल्ला. आयोवा, इलिनॉय आणि मिझुरीत हरणासाठी दाणा टाकून त्यावर शिकार करणे बेकायदा आहे. इलिनॉय आणि मिझुरीत तर दाणा पूर्ण उचलल्यानंतरही पुढचे दहा दिवस ती जागा निषिद्धच धरली जाते. ओहायोत खाजगी जमिनीवर मुभा आहे, पण रोग-निगराणीच्या जिल्ह्यांत नाही. शेतकऱ्याने नेहमीच्या पद्धतीने पेरलेले उभे पीक यात येत नाही, मुद्दाम ओतलेला दाणा येतो. ज्याच्याकडे पन्नास पौंड मका आणि पाच मिनिटांचा मोह आहे त्याचा परवाना जाऊ शकतो. लेखातल्या या एका वाक्याची दुरुस्ती ठळकपणे छापावी, आणि ती डिसेंबर उजाडण्याआधीच्या अंकात यावी, एवढी विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, आयोवा